परक्या घरचे भिंग



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा पालघर स्टेशनात भेटलेल्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "किल्ल्यांना इतिहास असतो, राजघराण्यांना असतो, कॅमेऱ्याच्या भिंगाला कसला आला आहे इतिहास?" तेवढ्यात गाडी आली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पुरे करतो.

आमच्याजवळ साठ छायाचित्रे आहेत. २०१२ सालच्या वैशाखात, म्हणजे पालघर अजून ठाणे जिल्ह्यातच होते तेव्हा, बोईसरच्या पूर्वेकडील एका पाड्यावर वारली लग्नात ती आम्ही काढली. हे लग्न ढवळेरी लावते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. घराच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहिलेला असतो. त्याच्यासमोर बसून ढवळेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांच्या आधाराने सारा विधी पुढे सरकतो. ही ढवळेरी सत्तरी ओलांडलेली होती. आवाज खोल, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, आणि डोळे असे की समोर बसणाऱ्याने आपली नजर खाली घ्यावी. आम्ही घरच्यांची परवानगी घेतली आणि दोन हातांच्या अंतरावर बसून, पिवळ्या दिव्याच्या उजेडात, साठ वेळा कळ दाबली. प्रत्येक वेळी फोकस तिच्या डोळ्यावर धरला. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने 'झाले' म्हणून बारीक शीळही घातली.

घरी येऊन संगणकाच्या पडद्यावर पाहतो तो काय, चित्रामागून चित्रात कानातला दागिना लखलखीत, कानामागच्या बटेतला केस न् केस मोजून घ्यावा असा, आणि डोळे मात्र धुक्यात गेलेले! कॅमेरा एका कंपनीचा होता, भिंग दुसऱ्या कंपनीचे. मूळ कंपनीचे भिंग आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. परक्या घरचे जवळजवळ निम्म्या किमतीत मिळाले. असा व्यवहार करणारे आम्ही एकटे नाही. लग्नसराईत विरारपासून डहाणूपर्यंत फिरणाऱ्या छायाचित्रकारांच्या पिशव्या उघडून पाहिल्या, तर निम्म्या पिशव्यांत हाच संसार दिसेल.

फोकस म्हणजे काय ते कोणालाही घरी पाहता येते. आजोबांचे वाचण्याचे भिंग घ्यावे आणि खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरावे. खिडकीचे, बाहेरच्या नारळाचे उलटे चित्र भिंतीवर उमटते. भिंग बोटभर पुढेमागे केले की ते विरघळते. कॅमेऱ्यात हीच गोष्ट चालते, फक्त बोटाचे माप तेथे फार मोठे होते. आमचे भिंग ८५ मिलिमीटरचे, छिद्र १.८ पर्यंत उघडणारे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, दोन मीटर अंतरावरच्या माणसाचा जेमतेम चार सेंटिमीटर जाडीचा पापुद्रा ते रेखीव दाखवते. त्याच्या पुढचे आणि मागचे सारे पुसट. डोळ्यापासून कान याहून लांब असतो. आणि कॅमेऱ्याच्या आत ही चूक घडायला किती अंतर पुरते? एक मिलिमीटरचे सुमारे चार शतांश, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीइतके. आत अर्धा केस सरकले की बाहेर दोन सेंटिमीटर गेले.

ही तक्रार आजकालची असेल असे आम्हांस वाटत होते. शोधू लागलो तेव्हा ती छायाचित्रकलेच्या पाळण्यातलीच निघाली.

१८३९ साली डागेर यांची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झवाल यांनी माणसांच्या तसबिरींसाठी एक भिंग गणिताने आखले आणि फोइग्टलेंडर यांच्या कारखान्याने ते घडविले. तसबिरींचा धंदा जोरात सुरू झाला. आणि लवकरच धंदेवाल्यांच्या ध्यानात आले की दुधी काचेवर जे चित्र रेखीव दिसते ते पत्र्यावर पुसट उतरते. मागच्या बाजूस दुधी काच, तीवर डोळ्याने फोकस साधायचा, मग काच काढून त्याच जागी रसायन लावलेला पत्रा बसवायचा, अशी तेव्हाची रीत. हात स्थिर, गिऱ्हाईक स्थिर, मग चित्र हलले कोठे?

लंडनमध्ये चित्रशाळा चालविणारे फ्रेंच गृहस्थ आंत्वान क्लोदे यांनी १८४४ च्या सुमारास याचा छडा लावला. माणसाच्या डोळ्यावर पिवळ्या उजेडाचा ठसा सर्वांत जास्त. त्या काळच्या रसायनावर निळ्या-जांभळ्या उजेडाचा. काच जांभळ्या किरणांना पिवळ्यांपेक्षा जास्त वाकवते, म्हणून दोघांची गाठ एकाच ठिकाणी पडत नाही. डोळा एका ठिकाणचे चित्र पाहून 'ठीक' म्हणतो. पत्रा दुसऱ्या रंगाने, दुसऱ्या ठिकाणचे टिपतो. याला तेव्हा रासायनिक फोकस म्हणत. क्लोदे यांनी नुसते कारण सांगून हात झटकले नाहीत. एका आडव्या कण्याभोवती पंख्याच्या पाकळ्यांसारखे तुकडे त्यांनी चक्री जिन्याप्रमाणे एकामागे एक बसविले आणि प्रत्येकावर आकडा घातला. मधल्या आकड्यावर फोकस साधावा, चित्र काढावे, आणि चित्रात कोणता आकडा रेखीव आला ते पाहावे. आपले भिंग किती आणि कोणत्या बाजूस चुकते याचा तो लेखी कबुलीजबाबच. मग साधलेल्या फोकसपासून भिंग तेवढेच मुद्दाम सरकवायचे, की चित्र रेखीव. आज बाजारात फोकस तपासण्याच्या तिरक्या पट्ट्या मिळतात, त्यांची ही पणजी.

श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळात भिंग एका घरचे आणि लाकडी पेटी दुसऱ्या घरची, हा व्यवहार सर्रास होता आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण मुंबईतील पहिल्या हिंदी धंदेवाईक छायाचित्रकारांत गणले गेले. या मंडळींच्या काळी पेटीत कोणाचे भिंग आहे यावरून फोकस बिघडत नसे, कारण जेथे प्लेट बसायची नेमके तेथलेच चित्र ते दुधी काचेवर स्वतः पाहत. तपासणारा आणि टिपणारा एकाच पाटावर बसत होते. रंगाची भानगड तेवढी त्यांच्यामध्ये होती, आणि तिचेही उत्तर क्लोदे यांनी देऊन ठेवले होते.

चलच्चित्रांच्या यंत्रात हा निवाडा अधिक अवघड झाला. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली बंधूंकडून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. ती फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला गेली. आपला फोकस बरोबर होता की नाही, याचा निकाल आगबोटीने परत यायचा! दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांपुढे आला. त्याआधी चलच्चित्रांच्या ध्यासापायी डोळ्यांना झालेला ताण इतका वाढला होता, की काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती, आणि उपचारांनी व चष्म्यांनी ती परत आली. या प्रकरणातले पहिले भिंग शेवटी माणसाच्या डोळ्यातलेच.

कोल्हापूरची गोष्ट याहून धिटाईची. आनंदराव पेंटर यांनी स्वतः चलच्चित्र-कॅमेरा बांधण्याचा घाट घातला. १९१६ साली ते वारले. त्यांचे नात्यातले बंधू बाबूराव यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते काम १९१८ च्या सुमारास तडीस नेले, आणि 'सैरंध्री' १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रगृहात झळकला. त्या कॅमेऱ्याचे कौतुक करताना लोक दाते, चाके, हँडल यांबद्दल बोलतात. आम्हांस कौतुक वाटते ते भिंगाच्या बैठकीचे. फिल्म सरकत राहणार, थांबणार, पुन्हा सरकणार. आणि दर थांब्याला तिचे भिंगापासूनचे अंतर केसाचाही फरक न पडता तेच राहिले पाहिजे. कानस आणि नजर यांवर भिस्त ठेवून हे साधणाऱ्या कारागिरांना आमचा नमस्कार असो.

खरा तिढा पडला तो १९३० साली. लायका हा छोटा जर्मन कॅमेरा १९२५ पासून विकला जात होता, पण त्याचे भिंग पक्के बसविलेले असे. १९३० साली भिंगे काढता-घालता येतील असा लायका निघाला. आता दुधी काच नव्हती. अंतर ठरवायचे आणि त्या आकड्यावर विश्वासून कळ दाबायची. त्यामुळे भिंगाची बैठक आणि फिल्म यांतले अंतर ठरलेलेच हवे. ते कॅमेऱ्यागणिक किंचित वेगळे पडत होते. कारखान्याने काय करावे? प्रत्येक भिंग त्या-त्या कॅमेऱ्याला घासूनपुसून जुळवून दिले आणि भिंगावर त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे कोरले. म्हणजे नवरानवरीच्या पत्रिकाच जुळविल्या! एकाच कारखान्याच्या दोन कॅमेऱ्यांत भिंगांची अदलाबदल केली की फोकस चुकण्याची भीती. वर्षभरात, १९३१ साली, त्यांनी हे अंतर २८.८ मिलिमीटर असे कायम केले आणि तशा कॅमेऱ्यांच्या बैठकीवर शून्याची खूण कोरली. आमच्या मते हे शून्य छायाचित्रकलेतील मोठ्या शोधांपैकी एक आहे. त्याचा अर्थ असा की यापुढे कोणतेही भिंग कोणत्याही कॅमेऱ्यावर चालेल. आणि आकडा जगजाहीर झाला की परक्या घरच्या कारागिरालाही भिंग घडविता येईल.

आकडा एक असला तरी भाषा एक असतेच असे नाही, याचा दाखला रशियन भिंगांनी दिला. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांत बनलेली ज्युपिटर भिंगे लायकाच्या आट्यात घट्ट बसतात. पण त्यांचे फोकसचे गणित झाइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्यावरून आलेले. ५० मिलिमीटर म्हणून जे भिंग धरायचे, ते लायकाच्या हिशेबात ५१.६, काँटॅक्सच्या हिशेबात ५२.४. दूरचा डोंगर दोघांनाही रेखीव. जवळचा चेहरा मात्र लायकावर चुकतो. आटे जुळले, हिशेब जुळला नाही.

पुढे जपानी आले. टोकिना व टॅमरॉन यांचा वंश १९५० पासूनचा, सिग्मा १९६१ ची. प्रत्येक कॅमेऱ्याची बैठक निराळी: निकॉनची ४६.५ मिलिमीटर, कॅननची १९८७ नंतर ४४. हे आकडे मोजून परक्या घरच्यांनी भिंगे घडविली, आणि पुष्कळ उत्तम घडविली. आरसा लावलेल्या त्या कॅमेऱ्यांत माणूस पुन्हा भिंगातूनच पाहू लागला होता, म्हणून तक्रारीही थोड्या. मग १९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि फोकस साधण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले.

येथे आमच्या ढवळेरीच्या कानाचे मूळ आहे. अशा कॅमेऱ्यात भिंगातून आलेल्या उजेडाचा थोडा भाग छोट्या आरशाने खाली वळवून तळाशी असलेल्या फोकस-डोळ्याकडे नेतात. तो डोळा उजेडाच्या दोन बाजू ताडून पाहतो आणि भिंगाला 'इतके फिर' असा हुकूम करतो. चित्र मात्र मागच्या सेन्सरवर पडते. तपासणारा तळघरात, टिपणारा माडीवर! दोघांचे अंतर तंतोतंत सारखे असले तर ठीक. शिवाय हुकूम भिंगाला कळला पाहिजे. स्वतःच्या घरचे भिंग आपल्या खोडी कॅमेऱ्याला सांगते. ती बोली कंपनीची खाजगी. परक्या घरच्याने ती बाहेरून ऐकून ऐकून उचललेली असते. कॅमेऱ्याची पुढची आवृत्ती निघाली की काही जुनी परकी भिंगे त्याला ओळखेनाशी होतात, ती यामुळे.

आम्ही भिंग घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ते यंत्रावर चढविले आणि सांगितले, भिंग मापात आहे, कॅमेरा दाखवा. कॅमेरावाल्याने सांगितले, कॅमेरा मापात आहे, भिंग दाखवा. दोघेही खरे बोलत होते, हे आम्हांस बोईसरच्या एका फिटर मित्राने समजावले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "तुमचे भिंग मापापेक्षा एका बाजूस दोन शतांश, कॅमेरा त्याच बाजूस दोन शतांश. दोन्ही माल पास, जोडणी नापास. आमच्याकडे असल्या ठिकाणी शिम घालतात." बैठकीखाली पातळ पत्र्याची चकती सारून अंतर जुळविण्याला ते शिम म्हणतात. ही गोष्ट तारापूरकरांना कोणी शिकवायला नको. येथल्या अणुवीजकेंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ पासून वीज देऊ लागलेल्या. अमेरिकेने इंधन थांबविल्यावर १९८२ च्या करारान्वये ते फ्रान्सकडून आले. एकाचे यंत्र आणि दुसऱ्याचा माल यांचा संसार कसा चालवावा लागतो, ते या गावाने पाहिले आहे. असो.

मित्रांच्या सांगण्यावरून आम्ही घरीच परीक्षा मांडली. कॅमेरा तिकाटण्यावर, समोर दोन मीटरवर उभा ठोकळा, त्याच्या शेजारी जमिनीशी अर्ध्या काटकोनात तिरपी केलेली फूटपट्टी. पट्टीचा मधला आकडा ठोकळ्याच्या रेषेत. भिंग प्रत्येक वेळी हाताने पार बिघडवून ठेवायचे आणि कॅमेऱ्याला नव्याने फोकस साधू द्यायचा. दहा चित्रे. पाच वेळा जवळून बिघडवून, पाच वेळा लांबून. ज्यांच्याकडे अशी तक्रार असेल त्यांनी एका चित्रावरून निकाल देऊ नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. दहांत चूक कधी पुढे, कधी मागे अशी विखुरलेली असेल, तर त्या भिंगावर इलाज नाही. ते बदलून घ्यावे. चूक दहाही वेळा एकाच बाजूस आणि जवळजवळ तेवढीच असेल, तर ती हिशेबात धरता येते. आमची दहाही वेळा मागेच पडली.

आणि इलाज कॅमेऱ्यातच होता. २००७ पासून कॅनन व निकॉन यांच्या वरच्या प्रतीच्या कॅमेऱ्यांत फोकस मुद्दाम पुढेमागे सरकविण्याची सोय आली आहे, उणे वीसपासून अधिक वीसपर्यंत. आमच्या कॅमेऱ्यात ती होती. पुस्तिका वाचली नव्हती, एवढाच अपराध. उणे सातावर आकडा नेला आणि मधली रेघ रेखीव झाली. हा शिमच, पत्र्याऐवजी आकड्यांचा. आणि क्लोदे यांची वजाबाकीही हीच. पुढे २०१३ मध्ये सिग्माने व २०१६ मध्ये टॅमरॉनने भिंगातलेच आकडे संगणकावरून बदलण्याची बैठक विकायला काढली. सिग्माच्या बैठकीत तर चार निरनिराळ्या अंतरांना निरनिराळी दुरुस्ती देता येते, कारण दोन मीटरवर जुळलेला आकडा दहा मीटरवर जुळेलच असे नाही.

पण आमची परीक्षा दिवसा, खिडकीच्या उजेडात झाली होती. रात्री तीच पट्टी पिवळ्या दिव्याखाली ठेवली आणि फोकस पुन्हा थोडा मागे गेला. तळघरातला डोळा आणि माडीवरचा सेन्सर यांच्यावर रंगांचा ठसा सारखा उमटत नाही. त्या उजेडात दोघांची मते पडतात वेगळी. १८४४ सालचे दुखणे दाराने गेले होते, ते खिडकीने परत आले! पाड्यावर त्या रात्री साधा पिवळा दिवा होता. कॅमेरा आणि भिंग यांची चूक एकीकडे, दिव्याची दुसरी. दोन्ही एकाच बाजूस पडल्या आणि फोकस डोळ्यावरून निघून कानावर बसला.

आज ज्यांच्या हाती आरसा नसलेले नवे कॅमेरे आहेत त्यांना हे सारे जुन्या काळचे वाटेल, आणि तेही बरोबर आहे. २००८ पासून असे कॅमेरे निघाले आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन मोठ्या सेन्सरसह त्या वाटेला लागले. त्यांत फोकस चित्राच्याच सेन्सरवर तपासला जातो. तपासणारा आणि टिपणारा, भाऊ दाजींच्या काळाप्रमाणे, पुन्हा एका पाटावर आले आहेत. भांडण आता उरले आहे ते बोलीचे आणि परवानगीचे. कॅननने आपल्या नव्या बैठकीसाठी सिग्मा-टॅमरॉनची स्वयंचलित फोकसची भिंगे २०२४ साली प्रथम येऊ दिली, तीही लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती. जुने आरशाचे कॅमेरे मात्र आपल्याकडे अजून हजारो हातांत आहेत आणि निम्म्या किमतीत हातोहात विकले जात आहेत. तरुण मंडळी आपला पहिला कॅमेरा असाच घेतात. त्यांनी पहिले लग्न टिपण्याआधी फूटपट्टी मांडावी.

जाता जाता एक गोष्ट मनात येते. ज्या भिंतीसमोर ती ढवळेरी बसली होती तिच्यावरच्या चौकात झाडे, माणसे, घोडे, देवी सारेच सारखे स्पष्ट होते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच पांढरी रेघ भिंतीवरून कागदावर नेऊन जगभर पोचविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्या चित्रांत जवळचे रेखीव आणि लांबचे पुसट असा भेद नाही.

ती ढवळेरी पुढच्याच पावसाळ्यात वारली. दिवाळीनंतर तिचा नातू बोईसरला आमच्याकडे आला. घरात लावायला आजीची तसबीर हवी होती. तिची दुसरी कोणतीच छायाचित्रे घरात नव्हती. आम्ही साठही चित्रे पुन्हा एकेक करून पडद्यावर उघडली. एकोणसाठांत कान. बेचाळिसाव्या चित्रात डोळे होते, पापणीच्या केसांसह. शीळ वाजल्यावर आणि कळ दाबेपर्यंतच्या क्षणात ती मागे रेलली होती. तेवढ्याने तिचे डोळे त्या चार सेंटिमीटरांत जाऊन बसले. तेच चित्र मोठे करून दिले. नातवाने ते बराच वेळ हातात धरले आणि विचारले, आजी अशी मागे का झाली आहे? आम्ही सांगितले, एक गाणे संपले होते आणि दुसरे सुरू व्हायचे होते. ती श्वास घेत होती.